बावीस दातांची साक्ष

शनिवार, १७ ऑक्टोबर १९७०. संध्याकाळचे पावणेसात. इंडियाना राज्य, टॅलमन काउंटी, एल्डन गावाबाहेरचा काउंटी रस्ता क्रमांक नऊ. डाव्या हाताला कापणी झालेलं मक्याचं शेत, उजव्या हाताला लाकडी फळ्यांवर मांडलेले भोपळे. एडना फिस्क, वय एकसष्ट, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई, भोपळ्यांवर ताडपत्री टाकून रस्ता ओलांडत होती. उजेड पुरेसा होता. रस्ता सरळ होता. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती आणि ब्रेक उशिरा लागला.

तिसऱ्या गिअरचं मी खात्रीने सांगतो, कारण तो माझा होता. मी गिअरबॉक्स बोलतोय. चार गिअरचा, हाताने टाकायचा, ऍल्युमिनियमच्या कवचाचा. त्या संध्याकाळी मी कोणाच्या गाडीत होतो, एवढाच एक प्रश्न होता. त्याचं उत्तर माझ्या पोटात होतं आणि ते बघायला दहा मिनिटं पुरली असती. एकोणचाळीस वर्षं झाली.

माझा जन्म त्याच वर्षी फेब्रुवारीत, इंडियानातल्याच एका कारखान्यात झाला. बाहेर बर्फ आणि आत तेलाचा वास. एका लठ्ठ बोटांच्या माणसाने माझ्या चाक्या एकात एक बसवल्या, दांडा फिरवून कान लावला आणि "चल," म्हणाला. आमच्यात दोन प्रकार असत. वरून दोघे अगदी सारखे. फरक पुढच्या दांड्यावर, जिथे बारीक खाचा कोरलेल्या असत. दोन खाचा असल्या तर पहिला गिअर दमदार, गाडी जागची उचलायला सोपा. एक खाच असली तर चारही गिअर एकमेकांना चिकटून, शर्यतीसाठी. माझ्यावर एक खाच आहे.

मग मला गाडीच्या कारखान्यात पाठवलं. तिथे एका निळ्या, दोन दारांच्या, मोठ्या इंजिनाच्या गाडीखाली मला बसवण्याआधी त्या गाडीचा नंबर माझ्या उजव्या अंगावर ठोकला. गाडीची चोरी होऊ नये म्हणून तो नंबर असतो. तो एवढंच सांगतो की मी कोणत्या गाडीसाठी निघालो. पुढे मी कुठे राहिलो, कोणी मला काढलं, कुठे घातलं, यातलं त्याला काही माहीत नसतं. ही साधी गोष्ट एल्डनमधल्या कुठल्याही पोराला ठाऊक होती. बारा ज्यूरींना ती कोणी पटवून दिली नाही.

गाडी घेतली वेंडेल प्रॉस्टने. वय चोवीस, काचेच्या बरण्यांच्या कारखान्यात भट्टीवर काम. विक्रेत्याने त्याला चढवलं, "तुझ्यासारख्या माणसाने शर्यतीचाच गिअरबॉक्स घ्यावा," आणि वेंडेलने मान डोलावली. पण तो शर्यतीत जाणारा माणूसच नव्हता. पाळी सुटली की कारखान्याच्या फाटकापाशी गाड्यांची रांग लागे. त्या रांगेत इंच इंच पुढे सरकताना माझा उंच पहिला गिअर क्लच जाळायचा. त्याची बायको लॉरेटा तेव्हा पोटुशी होती. जळक्या क्लचच्या वासाने तिला मळमळायचं. ती नाकाला रुमाल लावून म्हणायची, "वेंडेल, ही गाडी तुला बाप होऊ देणार नाही."

वेंडेलचा मित्र डर्क मॅबरी. तेच मॉडेल, रंग गडद हिरवा, आणि गिअरबॉक्स दोन खाचांचा. त्याचा बाप क्लेटन मॅबरी याचं गावात गाड्यांच्या पत्र्याचं आणि रंगाचं गॅरेज होतं. डर्क दर रविवारी शर्यतीच्या पट्टीवर जायचा आणि हरून यायचा. दोष दरवेळी गिअरबॉक्सचा.

या गाडीवेड्या लोकांची एक रीत आहे. आपल्याला नको तो गिअरबॉक्स मित्राला द्यायचा, त्याचा आपण घ्यायचा. कागद नाही, पावती नाही, साक्षीदार म्हणून बिअरच्या बाटल्या. शनिवार, ३ ऑक्टोबरला वेंडेलच्या अंगणात दोन्ही गाड्या ठोकळ्यांवर चढल्या. दोघं पुठ्ठ्यावर उताणे पडून काम करत होते. मी पस्तीस किलोंचा. शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा वेंडेलने मला छातीवर झेललं आणि क्षणभर तसाच पडून राहिला. त्याच्या काळजाचे ठोके मला ऐकू येत होते.

"मेलास का रे?" डर्क दुसऱ्या गाडीखालून म्हणाला.

"गिअरबॉक्सचा निरोप घेतोय. दोन मिनिटं दुःख तर करू दे."

मग बारीकसा वाद झाला. माझ्या शेपटाकडे, एका बोल्टच्या मागे, बोटाएवढा प्लॅस्टिकचा गिअर असतो. तो स्पीडोमीटरची तार फिरवतो. त्याचे दात मागच्या आसाला जुळावे लागतात, नाहीतर काटा खोटा वेग दाखवतो. वेंडेलच्या आसाला वीस दातांचा निळा लागायचा, डर्कच्या आसाला बावीस दातांचा राखाडी.

"राहू दे ते," डर्क म्हणाला. "स्पीडोमीटर बघतो कोण? मी रस्ता बघतो."

"रस्ता बघत असतास तर उन्हाळ्यात दोनदा दंड भरला नसतास. आण इकडे. माझ्या गिअरबॉक्सने तुला खोटं सांगितलेलं मला चालणार नाही."

वेंडेलने स्वतःच्या हाताने माझ्यातून निळा काढला आणि राखाडी बसवला. निळा गेला डर्कच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये, जो आता वेंडेलच्या गाडीत चढला होता. लॉरेटाने हॅमचे सँडविच आणून दिले. दोघांनी तेलकट हातांनीच खाल्ले. संध्याकाळी मी हिरव्या गाडीखाली बसून मॅबरींच्या घरी गेलो.

त्यानंतर चौदा दिवसांनी रस्ता क्रमांक नऊ.

एडनाबाईंना धडक बसल्यावर गाडी कडेला उतरली आणि मोरीच्या काँक्रीटवर घासली. माझ्या मागच्या कवचाचा, बोल्ट बसतो तो एक कान तुटून तिथेच पडला. तेल गळू लागलं. डर्क थांबला. दार उघडलं, मी ते ऐकलं. तो साधारण एक मिनिट उभा होता. त्या मिनिटात बाई कण्हत होत्या, म्हणजे जिवंत होत्या. मग दार बंद झालं. डॉक्टर नंतर कोर्टात म्हणाले की अर्ध्या तासात मदत मिळाली असती तर त्या वाचल्या असत्या. हे मी मुद्दाम सांगतोय. एल्डनमध्ये अजून लोक "अपघात झाला" असंच म्हणतात. अपघात पहिल्या सेकंदाला झाला होता. पुढचं मिनिट अपघात नव्हता.

रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजत असताना मॅबरींच्या गॅरेजचं शटर आतून बंद होतं. क्लेटनने पुढचा बंपर आणि मडगार्ड बदललं. डर्कने मला खाली उतरवलं. त्याच्या हातून तीनदा पाना निसटला. तुटलेला कान मोरीपाशीच राहिलाय, हे दोघांना कळलं होतं. डर्कने कानस उचलली आणि माझ्या अंगावरच्या नंबरावर ठेवली.

"थांब," बाप म्हणाला.

"बाबा, नंबर आहे ना यावर."

"आहे. तुझा आहे का?"

डर्कने नंबर पुन्हा एकदा वाचला.

"तुझा नाही ना? मग राहू दे."

कानस परत खुंटीवर गेली. डर्क खाली बसून रडला, हेही सांगायला हवं. पण रडून झाल्यावर त्याने मला गोणपाटात गुंडाळलं आणि जुन्या खडीच्या खाणीत साचलेल्या पाण्यात सोडलं. खोल बाजूला नाही. लोक जिथे मासे धरायला बसतात त्या बाजूला.

पाच आठवड्यांनी एकाच्या गळाला गोणपाट लागलं. शेरीफच्या माणसांनी मोरीतून उचललेला तुकडा माझ्या मोडक्या कानाला लावून पाहिला. बरोबर बसला. मग नंबर वाचला. दुपारी दोन वाजता वेंडेलला भट्टीवरून उचललं, एप्रन काढायलाही वेळ दिला नाही.

वेंडेलने पहिल्या दिवशी जे सांगितलं, तेच शेवटपर्यंत सांगितलं. गिअरबॉक्स तीन ऑक्टोबरला अदलाबदल केला, माझ्या गाडीत डर्कचा आहे, बघा. त्यांनी बघितलं. होताच. डर्क म्हणाला, "अदलाबदल झाली, पण अठरा तारखेला. रविवारी हा माझ्याकडे आला, म्हणाला गिअरबॉक्स गेलाय, कामावर जायचंय. मित्र म्हणून मी माझा काढून दिला. याने काय केलंय ते मला काय ठाऊक?" आपल्या गाडीत तेव्हा बापाच्या गॅरेजमध्ये पडलेला एक जुना गिअरबॉक्स घातला, असंही तो म्हणाला. वेंडेलच्या गाडीचं उजवं मडगार्ड जुन्या बाजारातलं, वेगळ्या रंगाचं होतं. ते त्याने ऑगस्टमध्ये, गंज लागला म्हणून बदललं होतं. पावती त्याचीही नव्हती. सरकारी वकिलाला आणखी काही नकोच होतं.

खटला फेब्रुवारी १९७१ मध्ये चालला. मी चार दिवस टेबलावर, गळ्यात पुठ्ठ्याचं लेबल. लॉरेटाने शपथेवर सँडविचची गोष्ट सांगितली. सरकारी वकील हसून म्हणाला, "बायको आहे, सांगणारच." ती आठवा महिना संपत आलेली, उभी राहायलाही धड येत नव्हतं. कोणी तिला खुर्ची दिली नाही.

एकच माणूस माझ्याजवळ येऊन नीट बघत होता. ऑटिस ब्रुकर, गिअरबॉक्स दुरुस्त करणारा म्हातारा, वेंडेलच्या वडिलांचा दोस्त. मधल्या सुट्टीत त्याने वेंडेलच्या वकिलाला गाठलं. वकील सरकारने नेमलेला, कोवळा, हातात कागदांचा गठ्ठा.

"साहेब, याच्या शेपटातला स्पीडोमीटरचा गिअर काढून बघा."

"त्याने काय होईल?"

"राखाडी निघाला तर हा डर्कच्या आसाबरोबर पळालाय. निळा निघाला तर पोरगा खोटं बोलतोय, मीच त्याला तुरुंगात पोचवून येईन. एक बोल्ट आहे. पाना मी खिशात घेऊन आलोय."

"असं मध्येच नाही काढता येत, काका. अर्ज करावा लागतो."

"मग करा की. लिहिता येतं ना?"

वकिलाने अर्ज केला, पण मुदत आदल्या दिवशी संपली होती. न्यायाधीश म्हणाले, कोर्टाच्या पुराव्याला पाना लावू देणार नाही. तरी ऑटिसला साक्षीला उभं केलं. सरकारी वकिलाने त्याला एकच प्रश्न विचारला. "या वस्तूवरचा नंबर आणि आरोपीच्या गाडीचा नंबर एकच आहे, हो की नाही?"

"एकच आहे, पण..."

"धन्यवाद. बसा."

ऑटिस बसला नाही. "अहो, माझ्या कोटावर माझ्या भावाचं नाव शिवलंय," तो म्हणाला. "म्हणून काय हा कोट घालून मी जे करतो ते भाऊ करतो?" न्यायाधीशांनी त्याला बाहेर काढायला लावलं. ज्यूरी पन्नास मिनिटांत परत आली. शिक्षा, दोन ते चौदा वर्षं, मधे कधी सोडायचं ते पॅरोल मंडळ ठरवणार. सहा दिवसांनी लॉरेटाला मुलगी झाली. तिचं नाव जोलीन.

मला शेरीफच्या कचेरीच्या तळघरात ठेवलं. कपाट क्रमांक चार, खालचा खण. तिथे मी आठ वर्षं होतो. वर पाइप ठिबकायचा. पाळीवरचे लोक येऊन बेसबॉलच्या गप्पा मारायचे, कधी माझ्यावर कॉफीचा कप टेकवायचे. राखाडी गिअर माझ्या आत होता तसाच होता. हात नसलेल्या वस्तूला सत्य माहीत असणं म्हणजे काय, ते मी तिथे शिकलो. माझ्यात चार गिअर आहेत, मागे जायचा पाचवा आहे, आणि स्वतःहून मला एकही टाकता येत नाही.

वेंडेलला चौथ्या वर्षीच सोडलं असतं. पॅरोल मंडळ दरवर्षी त्याला एकच विचारायचं, "केल्याचा पश्चात्ताप होतो का?" तो म्हणायचा, "केलंच नाही, तर पश्चात्ताप कुठून आणू? एडनाबाईंचं वाईट वाटतं. शाळेत मला दोनदा वाढायच्या." मग ते कागदावर लिहायचे, कैदी गुन्हा नाकारतो. आणखी एक वर्ष. पहाऱ्यावरचे लोक हे तळघरात एकमेकांना गमतीने सांगायचे. "होय म्हणून टाकायला याचं काय जातं?" एक जण एकदा म्हणाला. दुसरा कप खाली ठेवून म्हणाला, "केलं असतं तर म्हणाला असता." मग त्यांनी विषय बदलला. दोघांनाही नोकऱ्या सांभाळायच्या होत्या.

ऑटिसने मात्र सोडलं नाही. मोठ्या शहरातली एक वकीलबाई त्याने शोधून काढली. वेंडेलच्या वतीने तिने कोर्टात अर्ज टाकला की पुराव्यातला गिअरबॉक्स तज्ज्ञांसमोर उघडावा. तारीख, १२ मार्च १९७९. तळघरात ही बातमी त्याच दिवशी पोचली. मी आठ वर्षांत पहिल्यांदा वाट बघितली.

१९ मार्चला, सोमवारी दुपारी, कपाट उघडलं. मला वाटलं, आले. मला माणसं हातावरून कळतात. वेंडेलचे भट्टीने भाजलेले हात, डर्कचे पाना निसटू देणारे, ऑटिसची एक नख नसलेली बोटं. त्या दिवशी ज्याने मला उचललं त्याने कातडी हातमोजे घातले होते. एक शब्द बोलला नाही. गोणपाट, जिना, मग एका ट्रकचा मागचा भाग. बराच प्रवास झाला आणि मला केंटकीतल्या एका धान्याच्या कोठारात, गवताच्या पेंढ्यांमागे टाकून दिलं. मला वितळवलं का नाही, याचं उत्तर मला नाही. कदाचित एका खाचेचा गिअरबॉक्स या गाडीवेड्या लोकांच्याने भट्टीत टाकवत नाही. बाईला रस्त्यावर टाकून जाता येतं, हे जमत नाही.

कोर्टाने मे महिन्यात परवानगी दिली. तोवर कपाटात काही नव्हतं. अर्ज निकाली निघाला.

कोठारात एकोणतीस वर्षं गेली. उंदीर, घुबडं, उन्हाळे. मालक मेला, वारसांनी सगळं एकगठ्ठा विकलं आणि मी लॉनी सीफर्टच्या हाती लागलो. लॉनी वाईट माणूस नाही, हे मला सांगावंच लागेल. जुने गिअरबॉक्स घ्यायचे, दुरुस्त करायचे, मोटारींच्या जत्रेत विकायचे, हा त्याचा धंदा. त्याचे हात हळुवार होते. गाळ काढला, नवीन बेअरिंगं घातली, मोडक्या कानाचं कवच फेकून दुसरं बसवलं. पुढचा दांडा पुसून त्याने खाच मोजली आणि शीळ घातली. जुनं कवच फेकण्याआधीच त्याने शेपटाचा बोल्ट काढून राखाडी गिअर बाहेर ओढला होता.

अडतीस वर्षं ज्याच्यासाठी एक माणूस ओरडत होता ते काम लॉनीने गाणं गुणगुणत केलं. तो गिअर त्याने उजेडात धरला, दात शाबूत आहेत ना पाहिलं आणि एका कॉफीच्या डब्यात टाकला. त्या डब्यात तसे तीस-चाळीस होते, निळे, तांबडे, तपकिरी, राखाडी. ज्याच्या आसाला जो बसेल तो.

नंतर त्याने माझा नंबर घासला. हीही या धंद्यातली रीतच. हल्ली ज्या गाडीवर, इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर एकच नंबर असतो, त्या गाडीची किंमत दुप्पट. दुसऱ्याचा नंबर असलेला गिअरबॉक्स कोणाला नको असतो. कोरा असला की घेणारा आपल्या गाडीचा नंबर त्यावर ठोकून घेतो आणि पुढे "अस्सल" म्हणून विकतो. कोरा कारखान्यातून सुटा भाग म्हणून निघाला असं सांगायचं, कोणी खोदून विचारत नाही. लॉनीने घाई केली नाही. ठशाच्या तळाशी नाही, त्याच्याही खाली गेला. ज्या नंबराने वेंडेलला आत टाकलं तो नंबर असा गेला, आणि त्याच्यावरचा डाग पुसायलाही तोच लागणार होता.

२००९ चा सप्टेंबर. ओहायोतलं जत्रेचं मैदान, सकाळची वेळ, तळलेल्या कणसांचा वास. मी ताडपत्रीवर इतर सहा जणांच्या रांगेत. अडतीस वर्षांची एक बाई गुडघे टेकून बसली. तिने आधी माझा पुढचा दांडा पाहिला. नंतर उजव्या अंगावर बोट ठेवलं, नेमकं तिथेच. या जागेची सवय झालेलं बोट होतं ते.

"काय हो, इथे नंबर नाही?"

"सुटा भाग आहे, ताई," लॉनी म्हणाला. "कारखान्यातूनच कोरा निघाला."

"मग हे ओरखडे कसले?"

"गंज काढला."

"ऍल्युमिनियमला गंज लागतो?"

लॉनीने टोपी काढून परत घातली. "ताई, तुम्हाला गिअरबॉक्स कळतात वाटतं."

"मी शाळेची बस चालवते. गिअरबॉक्स मला ऑटिस ब्रुकरने शिकवले. नऊ वर्षांची होते तेव्हापासून. मला एकच शोधायचाय." तिने खिशातून प्लॅस्टिकमध्ये घातलेलं कार्ड काढलं. त्यावर माझा नंबर होता. "अठरा वर्षं झाली, प्रत्येक जत्रेत फिरते. एका खाचेचा. शेपटाकडचा बोल्ट काढून दाखवता?"

लॉनीने काढला. आत काही नव्हतं.

"यातला स्पीडोमीटरचा गिअर?"

त्याने डब्याकडे बोट केलं. जोलीनने डबा मांडीवर घेतला. तिने सगळे उपडे केले नाहीत, नुसती बोटांनी ढवळत राहिली. राखाडी चार निघाले. ते तिने तळहातावर ओळीने ठेवले. माझा डावीकडून दुसरा होता.

"यातला याचा कुठला?"

"आता कसं सांगणार, ताई? आठवत नाही."

"घेतला कुठून?"

"केंटकीत. कोठारातला माल होता. कागद कुठला त्याला." मग हलक्या आवाजात तो म्हणाला, "काय भानगड आहे? चोरीचा माल आहे का?"

तिने सांगितलं. रस्ता क्रमांक नऊ, तीन ऑक्टोबर, सँडविच, आत काढलेली अकरा वर्षं. वेंडेल आता त्रेसष्टचा आहे. भट्टीची धूळ आणि तुरुंगातली हवा, दोन्ही छातीत बसलंय. नाकाला नळी लावून तो खिडकीशी बसतो. एल्डनच्या दुकानात अजून त्याच्यामागे "फिस्कबाईला मारलेला" असं कुजबुजतात. डर्क मॅबरीचं गॅरेज आता दुप्पट मोठं आहे, शाळेच्या संघाच्या सदऱ्यांवर त्याचं नाव असतं.

"डॉक्टर म्हणतात, बाबा फार तर नाताळ बघतील," जोलीन म्हणाली. "मला थडग्यावर सरकारचा माफीनामा नकोय. बाबांनी तो स्वतः वाचायला हवा. चष्मा लावून."

लॉनी खाली बघत होता. त्याला माझा नंबर आठवत असेल का? मला वाटतं, शेवटचे दोन आकडे तरी. कानस चालवताना तो ते पुटपुटत होता. ओठ हलले. मग त्याने आजूबाजूला पाहिलं, ताडपत्रीवरच्या बाकी सहा कोऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "माफ करा ताई. मी घेतला तेव्हा कोराच होता."

तिने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून त्याच्यापुढे धरला. नंतर तिने माझे चार फोटो काढले, राखाडी गिअर एकेक करून डब्यात ठेवले आणि उठली. कोर्टात नेता येईल असं माझ्यावर आता काहीही उरलं नव्हतं, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. पुढच्या ताडपत्रीपाशी जाऊन ती पुन्हा गुडघे टेकून बसली.

त्या दिवशी लॉनीने मला विकलं नाही. तीन गिऱ्हाइकं आली, तिघांनाही त्याने "बोली झालीये" म्हणून परत पाठवलं. आता मी त्याच्या गॅरेजमध्ये, भिंतीकडे तोंड करून, जुन्या चादरीखाली आहे. जोलीनने ठेवलेल्या नंबरावर फोन करायचं त्याने अजून तरी ठरवलेलं नाही.

मला वाचा असती तर मी दया मागितली नसती. एवढंच म्हटलं असतं की पुढच्या वेळी कोणाला नंबरावरून ओळखाल तेव्हा आधी उघडून बघा. पण माझी साक्ष गेली. म्हणून जोलीनने निघण्याआधी लॉनीला दाखवलेल्या कागदाबद्दल सांगतो. टॅलमन काउंटीच्या शेरीफ कचेरीतल्या पुराव्याच्या वहीच्या एका पानाची ती नक्कल होती. ती मिळवायला जोलीनला सहा वर्षं आणि दोन वकील लागले. नोंद अशी आहे. १९ मार्च १९७९, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. कपाट चार, गिअरबॉक्स एक. कारण, 'मालकाला परत केला.' वस्तू मिळाली म्हणून खाली सही आहे, वेंडेल प्रॉस्ट.

त्या दिवशी, त्या वेळी, वेंडेल प्रॉस्ट तिथून दीडशे मैलांवरच्या तुरुंगात होता. दुपारच्या हजेरीत त्याचं नाव आहे.

ती सही कोणी केली, हे टॅलमन काउंटीने आजवर सांगितलेलं नाही.